दोन हजारांची लुना

केडगावहून नगरला जाताना कायनेटिक चौक लागतो. रिक्षावाल्याला आपण ते नाव रोज सांगतो. पण ज्या कारखान्यावरून ते पडलं, त्याची लुना पहिल्यांदा कितीला मिळायची?

१९७२ साली, साधारण दोन हजार रुपयांना. काढणारे हस्तीमल फिरोदिया आपल्या नगरच्याच घरातले. वडील कुंदनमल फिरोदिया वकील, मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. तेव्हा स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. लुनाची किंमत खाली आली ती वस्तू कमी करून. गिअर नाही, इंजिन ५० सीसीचं, आणि पेट्रोल संपलं तर मारा पायडल!

तरी दोन हजार म्हणजे स्वस्त, असं समजू नका. दहा ग्रॅम सोनं तेव्हा दोनशेच्या आसपास होतं. त्यात ७२चा दुष्काळ, माणसं खडी फोडायला जात होती. नवी लुना घेतली ती मास्तरांनी, बँकेतल्या कारकुनांनी. आमच्या नानांकडे आली ती बऱ्याच वर्षांनी, तिसऱ्या हाताची. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मागं घासाचा भारा. प्लग साफ करणं, चेन बसवणं घरच्या घरी. नवीचा भाव नानांनी कधी विचारलाच नाही. त्यांचे प्रश्न दोनच: जुनी कितीला देतो, अन् बिघडली तर कितीला पडंल?

पुढे हिशोब फिरला. १९८५ला हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आली. घ्यायला महाग, पण लिटरमागे जास्त पळायची, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही. मग तिच्याही जुन्या गाड्या बाजारात आल्या, आणि नानांसारख्यांनी लुना सोडली. ओझ्याच्या मोपेडचा धंदा टीव्हीएसच्या एक्सएलनं मात्र धरून ठेवला.

फेब्रुवारी २०२४मध्ये ई-लुना आली, ६९,९९० रुपयांना, दीडशे किलो वाहणारी. त्या वेळच्या सोन्यात मोजली तर जेमतेम अकरा ग्रॅम; पहिली लुना शंभर ग्रॅमची होती. म्हणजे स्वस्त झाली की! पण दूधवाला सोन्यात मोजत नाही. तिसऱ्या हाताला येईपर्यंत बॅटरी म्हातारी झालेली असणार, आणि ती काही प्लगसारखी अंगणात बसून साफ करता येत नाही.

आपल्याकडे कुणी जुनी ई-लुना घेतली किंवा विकली असेल, तर कितीला गेली आणि बॅटरीचं काय ठरलं, ते खाली नक्की लिहा.