मोजलेली आवड : हिंदी चित्रपटाचा शौकीन आणि त्याची पत्रे

चित्रपट पाहून बाहेर पडणारा शौकीन नटाविषयी, गाण्यांविषयी आणि ढिसाळ कथानकाविषयी जी मते सहज बोलून टाकतो, त्यांची दखल घेण्याची गरज भारतात बराच काळ कोणाला भासली नाही. १९२७ मध्ये सरकारने टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटीने ३५३ साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या खऱ्या. परंतु तिचे लक्ष सेन्सॉर, करमणूक कर आणि परदेशी चित्रपटांची आयात यांवर होते, आणि पिटातल्या, म्हणजे पडद्यालगतच्या सर्वांत स्वस्त जागेवरच्या, प्रेक्षकाच्या आवडीनिवडीविषयी बहुधा दुसरेच लोक बोलत होते. महात्मा गांधींनी तर आपण कधी सिनेमाला गेलोच नसल्याचे कळवून कमिटीची प्रश्नावली बाजूला सारली.

या शौकिनाला हक्काची जागा मिळाली ती १९३५ मध्ये मुंबईत बाबूराव पटेल यांनी सुरू केलेल्या 'फिल्मइंडिया' या इंग्रजी मासिकात, आणि तीही त्यातील परीक्षणांपेक्षा वाचकांच्या प्रश्नोत्तरांच्या सदरात. अमुक नटी खरोखर गाते का, तमुक दिग्दर्शकाचे चित्रपट एकसारखे का असतात, अशा धर्तीच्या पृच्छांना पटेल तिरकस, अनेकदा बोचरी आणि क्वचित असभ्य म्हणावी अशी उत्तरे देत, आणि ती वाचण्यासाठीच अंक घेणारा एक मोठा वर्ग तयार झाला. शौकिनाचे उडते मत छापील रूपात प्रथम सातत्याने आले ते येथेच. मात्र शेवटचा शब्द संपादकाचा असल्याने या सदराला लोकमताचा कौल म्हणण्यापेक्षा एका वक्त्याची भरगच्च मैफल म्हणणे अधिक रास्त ठरेल. मैफलीतील टाळ्या तिकीटबारीवर मात्र वटल्या नाहीत : पटेल यांनी स्वतः दिग्दर्शित केलेले 'द्रौपदी' (१९४४) आणि 'ग्वालन' (१९४६) हे चित्रपट फारसे चालले नाहीत.

मतांची खरीखुरी मोजणी सुरू झाली ती पडद्यापासून दूर, रेडिओवर, आणि तिला कारण ठरले एक मराठी मंत्री. १९५२ मध्ये नभोवाणी खात्याची सूत्रे हाती घेतलेल्या बा. वि. केसकर यांना चित्रपटगीते हलक्या अभिरुचीची वाटत, आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाल्यावर श्रोत्यांनी काटा फिरवून सिलोन रेडिओ गाठला. तेथे ३ डिसेंबर १९५२ रोजी एका टूथपेस्टच्या जाहिरातीसाठी सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाला' या कार्यक्रमात निवेदक अमीन सयानी सात गाणी क्रम न लावता ऐकवीत आणि लोकप्रियतेनुसार त्यांचा क्रम लावून पाठविण्याचे आवाहन श्रोत्यांना करीत. बक्षीस शंभर रुपयांचे होते. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली, आणि पुढे आठवड्याचा आकडा ६५,००० च्या घरात गेल्यावर तपासणीचे काम आवाक्याबाहेर जाऊन स्पर्धाच गुंडाळावी लागली. १९५३ च्या वार्षिक क्रमवारीत अग्रस्थान मिळाले ते 'अनारकली'तील लता मंगेशकर यांनी गायिलेल्या गीताला, ज्याचे संगीतकार सी. रामचंद्र हे तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे.

यानंतर क्रम ठरू लागला तो ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीवरून. हा निकष वरवर निर्दोष दिसतो, पण दुकानातील साठा संपला की चालणारे गाणेही खाली घसरे, आणि ज्याचे हितसंबंध गुंतलेले असतील त्याला तबकड्या विकत घेऊन आकडा फुगविणे अशक्य नव्हते. म्हणून श्रोता संघांची, म्हणजे गावोगावच्या रेडिओप्रेमींनी स्थापन केलेल्या मंडळांची, मते विक्रीच्या आकड्यांना जोडण्यात आली. गप्पांत बोलले जाणारे मत असे एकदा मोजले जाऊ लागले की त्याला किंमत येते आणि किमतीपाठोपाठ लबाडीची शक्यताही येते. १९५४ पासून वाचकांचे कौल मागवून दिल्या जाणाऱ्या फिल्मफेअर पुरस्कारांभोवतीही पुढे शंकाकुशंका घोंघावत राहिल्या, त्या याच कारणाने.

आकाशवाणीनेही अखेर माघार घेऊन ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू केली. फर्माइशी कार्यक्रमांत, म्हणजे श्रोत्यांनी कळविलेल्या पसंतीची गाणी लावण्याच्या कार्यक्रमांत, गाण्याआधी पत्रलेखकांच्या नावांची लांबलचक यादी वाचली जाई, आणि अभ्रकाच्या खाणींसाठी ओळखले जाणारे झुमरी तलैया हे तत्कालीन बिहारमधील गाव केवळ तेथून येणाऱ्या पत्रांच्या ढिगामुळे देशभर ठाऊक झाले. या पत्रांत गाण्याची पारख किती आणि रेडिओवर स्वतःचे नाव ऐकण्याची हौस किती, हे वेगळे काढण्याचा प्रयत्न कार्यक्रम चालविणाऱ्यांनीही केलेला दिसत नाही.