हळद आणि लिटमस

जिभेवर ठेवून आम्ल ओळखण्याची रीत जुनी, परंतु धोक्याची होती. १६६४ साली रॉबर्ट बॉइल याने व्हायोलेट फुलांचा अर्क आम्लाने तांबडा व अल्काने हिरवा होतो, असे ग्रंथात नमूद केले. प्रयोगशाळेतील लिटमसही मूळचे दगडफुलासारख्या शैवाकांचेच.

मुखेड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. तेथे माध्यमिक शिक्षण उर्दूतून चाले. मराठी घरच्या विद्यार्थ्यास ही परिभाषा परकी वाटणे साहजिक होते. वास्तविक मुक्या मारावरील हळद-चुन्याचा लेप त्याच्या घरीच तांबडा होई; लिंबू पिळताच तो पुन्हा पिवळा होई. चुना अल्क, लिंबू आम्ल आणि हळद त्यांची दर्शक! माजघरातील या अनुभवास शास्त्राचे नाव मातृभाषेत मिळावयास हवे होते.