उजव्या रेषेवरचा मुंबईकर

स्टीव्हन डायस हे भारताच्या फुटबॉल संघातून उजव्या बगलेने खेळलेले मुंबईचे विंगर. त्यांचा जन्म 25 डिसेंबर 1983 रोजी मुंबईत झाला. 2007 आणि 2009 चा नेहरू चषक व 2008 चा एएफसी चॅलेंज कप जिंकणाऱ्या आणि 2011 मध्ये दोहा येथे आशियाई चषकात उतरलेल्या भारतीय संघांत ते होते. त्यांच्या कारकिर्दीची वर्षे आणि मुंबईतील कंपनी फुटबॉलच्या अखेरची वर्षे एकच आहेत. म्हणून ती कारकीर्द शहराच्या इतिहासासोबतच पाहावी लागते.

मुंबईत फुटबॉल रुजला तो लष्करी छावण्यांतून. रोव्हर्स कप 1891 मध्ये सुरू झाला आणि पुढची कित्येक वर्षे तो ब्रिटिश पलटणींच्याच हाती राहिला. 1937 मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला, तेव्हा प्रथमच एका भारतीय संघाचे नाव त्यावर लागले. शहरात खेळाचे केंद्र होते कूपरेज मैदान आणि खेळाडू येत मुख्यतः कॅथलिक शाळांच्या मैदानांतून, वांद्रे-माहीमसारख्या वस्त्यांतून आणि धोबीतलावच्या गोवेकर कुडांतून, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक निवासांतून. या मुलांना पोटापाण्याला लावण्याचे काम कंपन्यांनी केले. टाटा, कॅल्टेक्स, रेल्वे, एअर इंडिया, ऑर्के मिल्स, महिंद्रा अशा आस्थापनांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या आणि सरावासाठी सवलत दिली. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा टाटांच्याच संघाचे. मूळचे गोव्याचे, खेळाने मुंबईचे. पगाराची हमी नसती तर त्या काळी मध्यमवर्गीय घरातला मुलगा तिशीपर्यंत फुटबॉल खेळलाच नसता. या व्यवस्थेचे हे श्रेय फार कमी वेळा मोजले गेले आहे.

विंगर ही जागाही या काळात बदलत गेली. पूर्वी पाच जणांची आघाडीची फळी असे. तिच्या दोन टोकांना ‘आउटसाइड राइट’ आणि ‘आउटसाइड लेफ्ट’ उभे राहत. चुन्याच्या रेषेला चिकटून चेंडूची वाट पाहायची, समोरच्या फुल-बॅकला चकवायचे आणि कोपऱ्याच्या झेंड्याजवळून चेंडू गोलसमोर टाकायचा, एवढेच त्यांचे काम. भारतात या जागेचा मापदंड ठरले पी. के. बॅनर्जी. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी कर्णधार म्हणून फ्रान्सविरुद्ध गोल केला आणि 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातही गोल केला. पुढे 4-4-2 ची (चार बचावपटू, चार मधल्या फळीत, दोन आघाडीवर अशी) मांडणी जगभर पसरली आणि विंगर मधल्या फळीत ओढला गेला. हल्ला संपला की परत धावत येऊन आपल्या फुल-बॅकला साथ देणे हेही त्याच्या गळ्यात पडले. काम दुप्पट झाले आणि नाव मात्र निम्मे राहिले, कारण गुणफलकावर गोल करणाऱ्याचेच नाव लागते. चेंडू कोणी पुरवला ते प्रेक्षकांच्या आठवणीत राहिले तर राहिले.

डायस याच बदललेल्या जागेवरचे खेळाडू. 2006 मध्ये भारताचे प्रशिक्षक झालेले बॉब हॉटन 4-4-2 चे कट्टर पुरस्कर्ते होते. दोन फळ्या घट्ट ठेवायच्या, चेंडू लवकर पुढे पाठवायचा आणि बायचुंग भुतिया व सुनील छेत्री या आघाडीच्या खेळाडूंपर्यंत तो बाजूंनी पोहोचवायचा, अशी त्यांची रीत. अशा संघात बगलेच्या खेळाडूकडून सफाईपेक्षा दम आणि अचूक क्रॉस यांची अपेक्षा जास्त.

या रीतीला फळही आले. ऑगस्ट 2007 मध्ये दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर एन. पी. प्रदीप यांच्या एकमेव गोलावर सीरियाला हरवून भारताने नेहरू चषक प्रथमच जिंकला. पुढच्या वर्षी हैदराबाद आणि दिल्ली येथे चॅलेंज कप झाला. उपांत्य फेरीत म्यानमारचा 1-0 असा पराभव करून 13 ऑगस्ट 2008 रोजी भारताने ताजिकिस्तानला 4-1 ने नमवले. त्यात छेत्रीचे तीन आणि भुतियाचा एक गोल होता. या विजयाने 1984 नंतर प्रथमच भारताला आशियाई चषकाचे दार उघडले. 2009 मध्ये नेहरू चषक पुन्हा सीरियाविरुद्धच, या वेळी पेनल्टींवर, राखला गेला. दोहामध्ये मात्र ऑस्ट्रेलियाकडून 0-4, बहारीनकडून 2-5 आणि दक्षिण कोरियाकडून 1-4 अशी हार झाली. या आकड्यांवरून त्या पिढीला नापास ठरवणे अन्यायाचे आहे. सत्तावीस वर्षे बंद असलेल्या दारातून आत जाणारे तेच होते.

क्लबच्या पातळीवर डायस यांची ओळख महिंद्रा युनायटेडशी जोडलेली आहे. 1962 मध्ये महिंद्रा अँड महिंद्राचा संघ म्हणून सुरू झालेल्या या क्लबने 2003 आणि 2005 मध्ये फेडरेशन कप आणि डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली 2005-06 ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. 2007 मध्ये तो एएफसी कपच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. कोलकाता आणि गोवा यांच्या मक्तेदारीत मुंबईचा एक संघ देशात पहिला येतो, ही साधी गोष्ट नव्हती. तरीही 2010 मध्ये कंपनीने वरिष्ठ संघ बंद केला आणि शालेय फुटबॉलकडे लक्ष वळवले. शालेय स्पर्धेचा हेतू चांगलाच होता, पण त्या मुलांनी मोठे होऊन ज्या संघात जायचे तोच संघ उरला नाही.

डायस त्यानंतर गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे गेले आणि पुढे मुंबई एफसीकडून खेळले. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. मुंबईत नवा क्लब उभा राहिला, पण हा मुंबईकर त्या मोसमात इटलीच्या अलेस्सांद्रो देल पिएरो यांचा सहकारी म्हणून दिल्ली डायनामोजच्या जर्सीत दिसला.

दरम्यान जुनी घडी विस्कटत गेली होती. रोव्हर्स कपची शेवटची स्पर्धा 2000-01 मध्ये झाली होती. परवान्याच्या नव्या निकषांमुळे एअर इंडिया 2013 मध्ये आय-लीग या राष्ट्रीय लीगबाहेर पडली. मुंबई एफसी 2017 मध्ये बंद झाली. दिल्ली डायनामोज 2019 मध्ये भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाली.

निवृत्तीनंतर डायस प्रशिक्षणाकडे वळले. मुंबई एफसीचे दीर्घकाळ प्रशिक्षक राहिलेले खालिद जमील जमशेदपूर एफसीचे प्रमुख प्रशिक्षक झाल्यावर डायस तेथे त्यांचे सहायक होते. पोलाद कारखान्याच्या त्या गावात फुटबॉलमागे आजही टाटांचेच नाव आहे.