तळटीप : विडंबनातला महानायक

विडंबन-महानायक : सुपरमॅनसारख्या महानायकाची झूल, मुठी आणि उड्डाण तसेच ठेवून केवळ त्याचा दरारा काढून घेतलेले पात्र, या अर्थाने हा शब्द येथे वापरला आहे. त्याचा ठळक नमुना म्हणजे १९६४ मध्ये अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर सुरू झालेली ‘अंडरडॉग’ ही कार्टून मालिका. तिचा नायक एरवी बूटपॉलिश करणारा कुत्रा असून तो टेलिफोन बूथमध्ये वेश पालटतो, यमकात बोलतो, आणि संकटे निवारताना पुष्कळ मोडतोडही करतो. खर्च वाचवण्यासाठी तिचे चित्रांकन मेक्सिकोत, ‘मर्यादित चलनचित्रण’ पद्धतीने, म्हणजे थोडी चित्रे पुनःपुन्हा वापरून, झाले; डीव्हीडीवर अनेक भाग सलग पाहताना ही पुनरावृत्ती उघडी पडते, पण विनोदाची चपळाईही तितकीच जाणवते.

महाराष्ट्रातील जवळचे उदाहरण कार्टून नव्हे, तर नाशिक जिल्ह्यातील मालेगावचा व्हिडिओपट ‘मालेगाव का सुपरमॅन’ होय. व्हिडिओ पार्लर चालवता चालवता चित्रपटकला शिकलेल्या नासिर शेख यांनी तो दिग्दर्शित केला, यंत्रमाग कामगार शफीक शेख त्यात नायक झाले, आणि फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने त्यांची जिद्द जगापुढे आणली. अपुऱ्या साधनांनी पडद्यावर उड्डाण घडवण्याची ही उमेद कोल्हापूरला परकी नाही, कारण बाबूराव पेंटर यांनी मूकपटांसाठी लागणारा कॅमेरा याच गावात सहकाऱ्यांच्या मदतीने स्वतः घडवला होता.