एक पाकळी, बारा पाकळ्या : टॅब्लेटवर सममित नक्षी कशी रेखाटावी?

अंगणात घातलेली ठिपक्यांची रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते. उरते ती घातलेल्या हाताच्या स्मरणात किंवा एखाद्या जुन्या चौकटीच्या वहीत. अशा वह्यांतील नक्षी टॅब्लेटवर उतरवून निमंत्रणपत्रिका, कापडावरील छपाई, मखराची सजावट किंवा लेझरने कापायच्या जाळीसाठी वापरता येते. त्यासाठी लागणारी साधने आज बहुतेक रेखाटन-सॉफ्टवेअरमध्ये आहेत. अडचण येते ती साधन निवडताना. आरशाचे साधन आणि फिरवण्याचे साधन वरवर सारखीच वाटतात, परंतु त्यांतून निघणाऱ्या नक्षी वेगळ्या असतात.

व्हेक्टरच का?

छायाचित्रासारखे चित्र रंगीत चौकोनी ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे बनलेले असते. ते मोठे केले की कडा फाटतात. व्हेक्टर चित्रात रेषेचे बिंदू आणि त्यांमधील वक्राचे गणित साठवलेले असते. त्यामुळे टिकलीएवढी आकृती भिंतीएवढी केली तरी तिची धार कायम राहते. नक्षीच्या दृष्टीने दुसरा लाभ असा की, एकच घटक नेमक्या अंतरावर आणि नेमक्या कोनात कितीही वेळा ठेवता येतो.

आधी नक्षी वाचावी

सपाट पृष्ठभागावरील प्रत्येक आवर्ती नक्षी चार क्रियांतून घडते : घटक सरळ पुढे सरकवणे, एका बिंदूभोवती फिरवणे, आरशातल्यासारखा उलटवणे आणि उलटवून पुढे सरकवणे. वाळूत उमटलेली डाव्या-उजव्या पावलांची रांग हे चौथ्या प्रकाराचे उदाहरण. या क्रियांच्या मेळातून सपाट पृष्ठभाग भरण्याचे केवळ १७ प्रकार संभवतात, हे रशियन शास्त्रज्ञ फेदोरोव यांनी १८९१ मध्ये सिद्ध केले. काठासारख्या एकाच दिशेने जाणाऱ्या पट्टीसाठी हे प्रकार ७ आहेत.

वाचनाची कसोटी सोपी आहे. नक्षीचा पातळ कागदावर छाप घ्यावा. मध्यावर घडी घातल्यावर दोन्ही अर्धे एकमेकांवर बसले, तर तिथे आरसा आहे. कागद मूळ नक्षीवर ठेवून मध्यबिंदूभोवती फिरवल्यावर पूर्ण फेरा होण्याआधीच ती जुळली, तर तिथे भ्रमण आहे.

स्वस्तिक हे याचे ठळक उदाहरण. ते ९० अंशांत फिरवले की स्वतःवर बसते, पण घडी घातली तर जुळत नाही. आरशाचे साधन चालू ठेवून त्याची उजवी बाजू काढली, तर खाली वळलेल्या उजव्या हाताची जोडी डावीकडेही खालीच वळते, वरचा हात दोन्हीकडे पसरतो आणि स्वस्तिक मोडते. इथे एक हात काढून तो ९० अंशांनी चार वेळा फिरवणे हाच मार्ग. ‘श्री’, ‘ॐ’ किंवा कोणतेही अक्षर आरशाच्या कक्षेबाहेर, वेगळ्या थरावर ठेवावे. अन्यथा एका बाजूला ते उलटे उमटते.

वर्तुळाकार नक्षी

कमळाच्या पाकळ्यांसाठी ३६० ला पाकळ्यांच्या संख्येने भागावे. ८ पाकळ्यांना ४५ अंश, १२ पाकळ्यांना ३०, तर १६ पाकळ्यांना २२.५ अंश. पाकळी निवडल्यावर फिरवण्याचा बिंदू बहुधा तिच्याच मध्यावर असतो. तो फुलाच्या केंद्रावर नेऊन ठेवावा, नाहीतर पाकळी जागच्या जागी फिरते.

पाकळी स्वतः सममित असेल तर तिची अर्धीच बाजू काढून उलटवावी. अक्षाला टेकणारा टोकाचा बिंदू तंतोतंत अक्षावर हवा. त्यासाठी स्नॅपची सोय चालू ठेवावी. टोक गोल हवे असल्यास त्या बिंदूची वक्र-दांडी अक्षाशी ९० अंशांत ठेवावी. ती तिरकी राहिली तर सांध्यावर टोचणारा कोपरा दिसतो.

पाकळ्या एकमेकींवर चढत असतील तर आणखी एक पेच उद्भवतो. प्रत्येक नवी पाकळी आधीच्या पाकळीवर बसते; त्यामुळे बारावी पाकळी दोन्ही शेजारणींच्या वर आणि पहिली दोघींच्या खाली राहते. पहिल्या पाकळीची प्रत घेऊन, बारावीवर यायला हवा तेवढाच तिचा भाग कापावा आणि सर्वांत वर ठेवावा, म्हणजे साखळी पूर्ण होते.

ठिपक्यांची रांगोळी

७ ठिपके ७ ओळी अशा रांगोळीला सॉफ्टवेअरमधील चौकोनी ग्रिड पुरेशी आहे. ‘१३ ते ७’ ही रांगोळी मात्र षटकोनी मांडणीची आहे. मधल्या ओळीत १३ आणि वर-खाली एकेक कमी होत ७, असे एकूण १२७ ठिपके होतात. या मांडणीत प्रत्येक ओळ अर्ध्या अंतराने सरकते, आणि दोन ओळींमधील अंतर हे दोन ठिपक्यांमधील अंतराच्या ०.८६६ पट असते. ठिपके ४० पिक्सेल अंतरावर असतील, तर ओळी ३४.६४ पिक्सेल अंतरावर हव्यात. तिथेही ४० ठेवले तर षटकोन उभा ताणला जातो आणि ६० अंशांचे भ्रमण जुळत नाही.

फरशी आणि कापड

गोव्यातील जुन्या घरांच्या नक्षीदार फरश्या या विषयाचा उत्तम पाठ देतात. अनेक फरश्यांवर फुलाचा चतुर्थांशच असतो. चार फरश्या ९०-९० अंशांत फिरवून लावल्या की मध्यभागी पूर्ण फूल उमलते. टॅब्लेटवर ६०० × ६०० पिक्सेलचा चौरस घेऊन हीच रचना करता येते.

कापडावरच्या अखंड नक्षीत डाव्या कडेबाहेर गेलेले पान उजव्या कडेतून आत यायला हवे. त्यासाठी पानाची प्रत नेमकी ६०० पिक्सेल उजवीकडे सरकवावी. हाताने अंदाजे न सरकवता आकडा भरावा. वरच्या-खालच्या कडांनाही हाच नियम. फुले सरळ रांगेत उभी राहिल्यासारखी दिसू लागली, तर प्रत्येक दुसरा स्तंभ अर्ध्या उंचीने खाली उतरवावा. तुकड्यांच्या सांध्यांवर केसाएवढी पांढरी रेघ दिसल्यास मापे पूर्णांकात आहेत का, ते पाहावे. पार्श्वभूमीचा रंग तुकड्यात न भरता खाली सलग पसरवणे अधिक श्रेयस्कर.

काठ रेखाटताना बाजूची लांबी घटकाच्या पूर्ण पटीत हवी. १०० सेंटिमीटरच्या काठात ८ सेंटिमीटरचा घटक साडेबारा वेळा बसतो. तो ८.३३ केला तर १२ घटक नीट बसतात. कोपऱ्यासाठी स्वतंत्र घटक काढावा, किंवा काठ ४५ अंशांत कापून उलटवावा.

साधने आणि जतन

आयपॅडवर २०२० मध्ये आलेल्या इलस्ट्रेटरमध्ये ‘रिपीट’ या नावाखाली वर्तुळाकार, जाळीदार आणि आरशाची अशी तिन्ही आवर्तने मिळतात. विंडोज टॅब्लेटवर चालणारे इंकस्केप विनामूल्य आहे. त्याच्या ‘टाइल्ड क्लोन्स’ या सोयीत वर उल्लेखिलेले १७ प्रकार नावानिशी निवडता येतात.

अशा आवर्तनात मूळ घटक दुरुस्त केला की सर्व प्रती आपोआप सुधारतात. छपाईला किंवा कापणीला देताना मात्र प्रतींचे साध्या आकृत्यांत रूपांतर करावे लागते आणि मग ही जोडणी तुटते. म्हणून जोडणी असलेली मूळ फाइल निराळी जपून ठेवावी आणि बाहेर एसव्हीजी किंवा पीडीएफ प्रत द्यावी. पिक्सेलमध्येच चित्र मागितले गेले, तर ३० सेंटिमीटर रुंदीसाठी इंचाला ३०० या प्रमाणात सुमारे ३५४३ पिक्सेल लागतात.

घरातील वहीवरून नक्षी उतरवताना घटक, ठिपक्यांची मांडणी आणि ती फिरते की उलटते, या तीन गोष्टी फाइलमध्ये लिहून ठेवाव्यात. वहीतील नावही लिहावे. सॉफ्टवेअर बदलले, फाइल उघडेनाशी झाली, तरी एवढ्या नोंदीवरून ती नक्षी पुन्हा काढता येते, टॅब्लेटवर आणि अंगणातही.