टिकावाचा टिकाव

भुईतला धातू हुडकणारे यंत्र आता कोणालाही विकत घेता येते. पण ते नुसते वाजते, खणत नाही. खणायला शेवटी हातात धरायचे हत्यारच लागते. ते कोणते घ्यावे आणि किती दिवस टिकेल, हा प्रश्न इंग्लंड-अमेरिकेतल्या छंदिष्टांनी पुष्कळ चघळला आहे. त्यांचे उत्तर वस्तूभोवती फिरते: पोलाद कोणते, पात्याची जाडी किती, मूठ कशाची, कारखाना कोणाचा. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात हाच प्रश्न यंत्र नव्हते तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आणि त्याचे उत्तर मात्र वेगळ्या जागी सापडले. इथे कुदळ किती टिकते हे एकट्या लोखंडावर कधीच ठरले नाही. ती घडवणाऱ्याला मोबदला केव्हा आणि कशाबद्दल मिळतो, यावर ते ठरले, असे माझे म्हणणे आहे. मराठीत खणायच्या एका हत्याराला ‘टिकाव’ म्हणतात आणि तग धरण्यालाही ‘टिकाव’च म्हणतात. दोन्ही शब्दांचे मूळ एक असो वा नसो, गावातल्या माणसाला ते एकमेकांशेजारी ठेवायला अडचण पडली नसणार.

आधी जमीन पाहू, कारण हत्यार जमिनीच्या वाटेने घडते. सातारा आणि सांगली हे दोन वेगळे जिल्हे अलीकडचे. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. हा सगळा मुलूख म्हणजे एका टोकाला महाबळेश्वर-पाटणचा जांभा आणि धो धो पाऊस, मध्ये कृष्णेकाठची कराड-वाळव्याची खोल काळी, आणि पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जतचे मुरमाड माळ, जिथे वर्षाला वीस इंच पाऊस झाला तरी लोक समाधान मानतात. काळ्या जमिनीत, विशेषतः उसाला पाणी पाजताना, रुंद तोंडाचे खोरे चालते. माळावर ते मुरमाला आपटून परत येते. तिथे टोकदार टिकाव, अरुंद कुदळ आणि पहार हवी. भांगलणीला खुरपे सगळीकडे लागते, पण काळीतले खुरपे वर्षानुवर्षे झिजत पातळ होते, तर माळावरच्याचे टोक एखाद्या दगडावर एका घावात उडते. म्हणजे ‘टिकाऊ’ या एका शब्दात दोन अपेक्षा दडलेल्या आहेत: झिजू नये आणि तुटू नये. लोहाराच्या लेखी त्या एकमेकींच्या वैरिणी आहेत. पोलादाला कडक पाणी द्यावे तर धार राहते, पण टोक ठिसूळ होते. सौम्य द्यावे तर टोक तुटत नाही, ते बोथटते. कोणत्या गावच्या रानासाठी पोलादाला किती पाणी द्यायचे हे लिहून ठेवण्यासारखे नसते. त्या रानात वापरलेली हत्यारे वर्षानुवर्षे ज्याच्या ऐरणीवर परत येतात, त्यालाच ते उमगते.

लोखंड सुरुवातीला याच मुलखातले होते. महाबळेश्वरच्या जांभ्यात लोहाचा अंश भरपूर. तो खडक कोळशाच्या भट्टीत वितळवून लोखंड काढणारे धावड डोंगरात राहत. सातारा जिल्ह्याचे गॅझेटियर १८८५ साली छापले गेले तोवर हा धंदा जवळजवळ बंद पडला होता, कारण जंगल राखीव झाले आणि सरपण महागले. एक किलो लोखंडासाठी कितीतरी पट कोळसा जाळावा लागतो, म्हणजे भट्टी ही खाणीपेक्षा रानावर जास्त अवलंबून. यात एक मजेशीर योगायोग आहे. १८७८ सालचा सहाव्या क्रमांकाचा कायदा गुप्तधनाचा आणि त्याच सालचा सातव्या क्रमांकाचा वनांचा. एकाने भुईत सापडलेल्या धनाची खबर कलेक्टरला द्यायला लावली, दुसऱ्याने भुईवरच्या झाडांवर सरकारी शिक्का मारला. खणणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पहिला आला, त्याच्या हत्याराच्या मुळावर दुसरा. त्यानंतर इथली कुदळ विलायती पट्टीची झाली, आणि १८९० पर्यंत पुणे-मिरज-लोंढा रेल्वे पुरी झाल्यावर ती पट्टी बाजारपेठेत सहज मिळू लागली. लोखंड स्वस्त झाले, एकसारखे झाले. टिकाऊपणा जर फक्त धातूतच असता, तर या वेळी गावच्या लोहाराचे महत्त्व संपायला हवे होते. ते तेव्हा संपले नाही.

का, ते बलुत्याच्या रचनेत दिसते. लोहार हा थोरल्या कासेचा बलुतेदार, सुताराच्या रांगेतला. शेतकऱ्याच्या औजारांची दुरुस्ती त्याने वर्षभर करायची. लोखंड आणि कोळसा बहुधा शेतकऱ्याने द्यायचा. आणि लोहाराला धान्य मिळायचे ते खळ्यावर, सुगी झाल्यावर. या व्यवहारातली दोन कलमे मला निर्णायक वाटतात. पहिले असे की लोहाराला नगामागे पैसे नव्हते. कुदळ वर्षातून एकदा भट्टीत आली काय आणि दहादा आली काय, पेंढ्या तेवढ्याच. दुकानदाराला तुटलेली कुदळ म्हणजे नवे गिऱ्हाईक. बलुतेदाराला तुटलेली कुदळ म्हणजे फुकटचे काम. दुसरे असे की मोबदला हत्याराची परीक्षा झाल्यानंतर मिळे. पावसाळ्याआधी शेवटलेला फाळ आणि पाजवलेली कुदळ एक हंगाम रानात घासून निघाली, मगच लोहार खळ्यावर हात पसरणार. ‘शेवटणे’ हे क्रियापद शहरी मराठीतून आता जवळजवळ गेलेच आहे. झिजलेल्या टोकाला पोलादाचा नवा तुकडा तापवून, ठोकून एकजीव करायचा, त्याला हे नाव. मऊ लोखंडाचे अंग आणि कडक पोलादाचे टोक या जोडणीत झीज आणि तूट यांचे भांडण मिटते: मार अंग सोसते, घर्षण टोक सोसते, आणि झिजते ते फक्त टोक, जे पुन्हा बदलता येते. दांड्याचेही तसेच. बाभळीचा दांडा नेढ्यात, म्हणजे हत्याराच्या भोकात, पाचर मारून बसवलेला असतो, सैल झाला की पाण्यात भिजवून फुगवायचा, मोडला की नवा घालायचा. अंग, टोक, दांडा अशी तीन वेगवेगळी आयुष्ये एका वस्तूत बांधलेली होती, आणि कोणतेही एक संपले म्हणून उरलेली दोन संपत नव्हती.

यावर पहिला आक्षेप जुना आणि जाणकाराचा आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ च्या ‘गाव-गाडा’त बलुतेदारीचे वाभाडे काढले, काम वेळेवर होत नाही आणि हक्क मात्र वसूल होतो, हा त्या टीकेचा एक धागा. वार्षिक मोबदला ठरलेला असेल तर माणूस चांगले काम करण्याऐवजी काम टाळेल, हे तर्काने बरोबरच आहे. पण टाळण्याचे मार्ग दोन. एक, दारी आलेल्याला ‘उद्या ये’ म्हणून परत पाठवायचे. दुसरा, एकदा असे करून द्यायचे की तो लवकर परत येणारच नाही. पहिला मार्ग पेरणीच्या तोंडावर फार काळ चालत नाही, कारण त्या आठवड्यात सगळे गाव एकदमच दारात उभे असते आणि खळ्यावरची पेंढी लहान करणे शेतकऱ्याच्या हातात असते. आत्र्यांनी पाहिलेली ढिलाई खरीच असणार. रोख पैसा शिरून खळ्यावरचा हा धाक सैल होत चालला होता, तेव्हाची ती नोंद आहे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि त्याला असे चुटकीसरशी उत्तर देता येत नाही. बलुतेदारी म्हणजे जातीने बांधलेले श्रम. लोहाराचा मुलगा लोहारच, आणि त्याच्या खालच्या पायरीवरच्यांची अवस्था तर सांगायलाच नको. ज्यांनी माती खणली, दगड फोडले, त्या वडारांना बलुत्यात वाटाच नव्हता. ते आपली पहार, सुतकी आणि छिन्नी घेऊन कामामागे हिंडत. साताऱ्याच्या सरकारी शाळेत १९०० साली ज्यांचे नाव घातले गेले त्या भीमराव आंबेडकरांनी पुढे महार वतनाविरुद्ध लढा दिला, तो नेमक्या याच बांधिलकीविरुद्ध. तेव्हा ती व्यवस्था परत यावी असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण एखादी व्यवस्था अन्यायाची होती म्हणून तिच्यात हत्यार का टिकत होते याचे कारण खोटे ठरत नाही. ती मोडली हे योग्यच झाले. मोडताना मोबदला नगावर आला, हा त्याचा एक परिणाम, आणि तो पुढे हत्याराच्या नेढ्यात दिसेल.

याच मुलखात या वादाची एक मोठी परीक्षा झाली, ती नांगराच्या रूपाने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात पहिले लोखंडी नांगर बनवले १९०३ च्या सुमाराला. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची शंका होती आणि पहिली गिऱ्हाइके मिळायला काळ गेला. १९१० साली औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. विषाच्या शंकेला आपण हसतो. पण त्या शेतकऱ्यापुढे एक खरी अडचणही होती, जिला नाव देणे त्याला कदाचित जमले नसेल. ओतीव बीड घणाखाली ठोकता येत नाही. ठोकले तर फुटते. नांगराचा बिडाचा भाग गेला की तो गावच्या ऐरणीवर शेवटता येणार नव्हता, कारखान्याचा नवाच आणावा लागणार होता. खोल नांगरटीचा फायदा इतका उघड होता की शेतकऱ्याने ही अट अखेर मान्य केली, आणि त्यात तो चुकला नाही. मात्र नांगराबरोबर लोहाराच्या वर्षभराच्या कामाचा मोठा वाटा गेला. कुदळ, टिकाव आणि खुरपे मागे राहिली, कारण आपटून वापरायची वस्तू बिडाची करता येत नाही. ती घडीवच हवी. लोहाराचे घर उरलेल्या या तीन वस्तूंवर काही दशके चालले.

आजची कुदळ मोठ्या कारखान्यात साच्यात दाबून घडते, आणि तिचे पोलाद धावडाच्या लोखंडापेक्षा शंभर पटींनी भरवशाचे आहे, हे मान्य करायला हरकत नाही. तरीही माहीतगार माणूस बाजारात ‘पाट्याचे’ खुरपे मागतो. पाटा म्हणजे ट्रकची कमान. त्या पोलादात साधारण अर्धा-पाऊण टक्का कार्बन असतो, म्हणून त्याला पाणी धरते. बांधकामाच्या सळईत तो त्याहून बराच कमी, म्हणून ती कितीही तापवून पाण्यात बुडवली तरी मऊच राहते. रस्त्याकडेला पाल ठोकून, बाईच्या हाती घण देऊन काम करणारे घिसाडी हीच भंगारातली कमान कापून खुरपी घडवतात. माल चांगला असतो. अडचण अशी की पाल उठले की घडवणारा गेला. पुढच्या हंगामात टोक उडाले तर दाखवायचे कोणाला? दुसरीकडे स्वस्त फावड्याचे नेढे पात्याला नुसते डाग मारून जोडलेले असते आणि मुरमात पहिल्यांदा तिथेच सुटते. २०१६ साली पाणलोटाच्या स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातले वेळू गाव पहिले आले. त्यानंतर माण-खटावच्या माळांवरही हजारो हातांत टिकाव-फावडी आली. स्पर्धेतल्या दीड महिन्याच्या श्रमदानाला बाजारचे हत्यार पुरते. तीस वर्षे भांगलणाऱ्या बाईला ते पुरत नाही. टिकाऊ हत्यार कोणते, हे ते किती काळ हवे आहे यावरही ठरते, हा भाग जाहिरातीत येत नाही.

आता यंत्र घेऊन निघालेल्याकडे वळू. आपल्याकडे हा छंद फारसा रुजला नाही, त्याला कारण आहे. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे: दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही भुईत सापडले तर कलेक्टरला लेखी कळवायचे. मालक न निघाल्यास त्यात शोधणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटा ठरलेला आहे, पण लपवले तर वाटाही जातो आणि तुरुंगही होतो. संरक्षित किल्ल्यावर वा लेण्यापाशी परवानगीवाचून कुदळ मारणे हा वेगळाच गुन्हा. शिवाय इथे गुप्तधनाला छंदापेक्षा काळी बाजू जास्त. साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, त्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. उरतो तो पुरातत्त्वाचा रीतसर शोध, आणि तिथे टिकाव मागे पडतो. काम चालते छोट्या कुदळीने, खुरप्याने आणि कुंच्याने, कारण तिथे जोरापेक्षा थांबता येणे महत्त्वाचे.

शेतात असे यंत्र फिरवले तर एक गोष्ट त्याला क्वचितच सापडेल, ती म्हणजे जुनी कुदळ. विदर्भातल्या माहूरझरीसारख्या महापाषाणीय दफनांत लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या, पण त्या मृताबरोबर मुद्दाम पुरलेल्या होत्या. जितेपणी हत्यार कोणी भुईत सोडत नव्हते. कुदळ झिजली की तिचे खुरपे होई, खुरपे झिजले की खिळा, आणि खिळाही भट्टीत परत जाई. यंत्र वाजते ते बहुधा बैलाच्या खुरातून पडलेल्या पत्रीवर, नाहीतर बिडाच्या एखाद्या तुकड्यावर, जो नांगरताना दगडावर फुटला आणि लोहाराकडे नेऊन उपयोग नाही म्हणून तिथेच राहिला.