एकाच हाताचीं दोन कृत्यें

गुन्हेगाराच्या घरांत डोकावण्याची हौस मनुष्यास फार जुनी आहे. बाहेर ज्याच्या नांवानें लोक कांपतात, तो घरीं आल्यावर मुलाच्या डोक्यावरून कसा हात फिरवितो, हें पाहण्यांत कांहीं विलक्षण आकर्षण असतें. परंतु ही माया दाखवावयाची ती कशासाठीं, हा प्रश्न अमेरिकेंतील कथाकारांस दीर्घकाळ पडत आला. आणि त्याचें सर्वांत प्रामाणिक उत्तर 'द सोप्रानोज' या दूरचित्रवाणी-मालिकेनें दिलें, असें आमचें मत आहे.

पूर्वीं हें उत्तर सोपें होतें. १९३१ सालच्या 'द पब्लिक एनिमी' या चित्रपटांत गुंड नायकाची आई त्याच्यासाठीं बिछाना तयार करीत असतांना त्याचें प्रेत दारांत येऊन पडतें. आईची माया तेथें शिक्षेस धार लावण्यापुरती. पुढें १९३४ पासून चित्रपटांची नीतिसंहिता कडकपणें अमलांत आली. गुन्ह्याच्या बाजूस प्रेक्षकाची सहानुभूति जातां कामा नये, असा तिचा दंडक होता. ती १९६८ मध्यें गेली. १९७२ च्या 'द गॉडफादर'मध्यें फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनीं चर्चमधील बाळाचा बाप्तिस्मा आणि बाहेर पडणारे खून आळीपाळीनें दाखविले. प्रसंग अविस्मरणीय खरा. तथापि त्या घटकेस नायकाचे हात स्वच्छ राहतात. मारणारे दुसरे, ठिकाणहि दुसरें.

दूरचित्रवाणीस तर याहूनहि अधिक संकोच होता. जाहिरातींवर जगणाऱ्या वाहिन्यांस प्रेक्षक दुखवून चालत नसे. एच्. बी. ओ. ही वाहिनी वर्गणीदारांच्या पैशावर चालणारी. म्हणून डेव्हिड चेस यांस तेथें मोकळीक मिळाली. १० जानेवारी १९९९ रोजीं मालिका सुरू झाली. पहिल्याच भागांत न्यू जर्सीतील टोळीनायक टोनी सोप्रानो घरच्या पोहण्याच्या तलावांत उतरलेल्या रानबदकांस कौतुकानें खाऊं घालतो. तीं उडून जातात, आणि हा धिप्पाड पुरुष मूर्च्छा येऊन पडतो. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मेल्फी यांच्यापुढें रडतांना त्याला उमगतें कीं, आपलें कुटुंबहि असेंच नाहींसें होईल, हें भय आपणांस ग्रासीत आहे. जेम्स गॅन्डॉल्फिनी या नटाचा तो चेहरा पाहून प्रेक्षक त्याचा होतो.

आणि येथेंच चेस यांनीं पेंच टाकला. ७ फेब्रुवारी १९९९ च्या पांचव्या भागांत टोनी आपल्या मुलीला, मेडोला, मेन राज्यांतील महाविद्यालयें दाखवावयास नेतो. वाटेंत ती त्याच्या धंद्याविषयीं सरळ विचारते. तो प्रथम नाकारतो, मग थोडेंसें कबूल करतो. त्याच प्रवासांत टोळीशीं फितूर होऊन, नांव पालटून राहिलेला एक जुना सोबती त्याच्या दृष्टीस पडतो. मुलगी मुलाखतीस गेली असतां टोनी त्याचा गळा स्वतःच्या हातांनीं आवळतो. त्या मनुष्यालाहि बायको आहे, लहान मुलगी आहे. प्रेक्षक नायकास टाकतील, अशी वाहिनीच्या अधिकाऱ्यांस भीति पडली. चेस यांचें म्हणणें असें कीं, टोनीनें फितुरास सोडलें, तर त्याच्यावर कोणाचा विश्वासच बसणार नाहीं. खून तसाच दाखविला गेला. प्रेक्षकांनीं टोनीला टाकलें नाहीं.

हें न टाकणें हाच आम्हांस या मालिकेचा खरा विषय वाटतो. माया आणि हिंसा तराजूच्या दोन पारड्यांत घालून समतोल साधावा, असें हें काम नव्हे. तसें केलें कीं प्रत्येक खुनानंतर एक आलिंगन देऊन हिशेब मिटवितां येतो. चेस तो मिटूं देत नाहींत. २००४ सालीं दाखविलेल्या एका भागांत, तुझ्या भावी पतीनें आत्महत्येचा प्रयत्न केला, असें टोनी एड्रियानाला कळवितो. इस्पितळाच्या नांवानें तिला रानांत नेतात आणि तेथें मारतात. येथें मायाच हत्यार झाली आहे.

८६ भागांनंतर, १० जून २००७ रोजीं, मालिका संपते ती एका उपाहारगृहांत. आई, बाप, मुलगा टेबलाशीं बसले आहेत, मुलगी येत आहे. आणि पडदा एकाएकीं काळा होतो. शिक्षा नाहीं, क्षमाहि नाहीं.

'घरीं मात्र फार मायाळू हो!' असें आपणहि कितीकांविषयीं बोलतों. तें खोटें असतेंच असें नाहीं. परंतु बाहेर ज्याला त्याच हातांनीं गांठलें, त्याच्या बायकामुलांपुढें तें वाक्य आपणांस उच्चारतां येईल काय, एवढें स्वतःस विचारून मग तें बोलावें, असें आम्हांस वाटतें.